बोट ठेवा कळवणवर!

नकाशा आहे का जवळ? कुठलाही चालेल, मोबाइलवरचा तर फारच उत्तम. कळवणवर बोट ठेवा! सापडलं? नाशिकच्या वर, सटाण्याच्या डावीकडे, जरासं खाली. आता ते बोट डावीकडे सरकवायला लागा, किंचित खाली कलतं, आणि समुद्र लागेपर्यंत थांबू नका. अभोणा गेलं, कनाशी गेलं, मग सुरगाण्याचे डोंगर, मग डोंगर उतरून धरमपूर, मग वापी-पारडीचा सपाट मुलूख, आणि मग दमण! झालं! आलो समुद्रावर! सरळ रेषेत धरलं तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एवढंच!

आता ऐका. हेच बोट तुम्ही १९४७ च्या आधी सरकवलं असतं ना, तर एवढ्याशा अंतरात तुमच्या बोटाखाली चार वेळा सरकार बदललं असतं! चार वेळा! कळवण इंग्रजांचं, नाशिक जिल्ह्यातलं. पुढे सुरगाणा, ते पवार देशमुखांचं, स्वतंत्र संस्थान. पुढे धरमपूर, ते दुसऱ्याच राजाचं. पुढे पारडी, ती पुन्हा इंग्रजांची, सुरत जिल्ह्यातली. आणि दमण? दमण पोर्तुगालचं! लिस्बनवरून कारभार! आणि रेघेच्या जरा खाली पाहिलंत तर नगर हवेली, तीही पोर्तुगालची, आणि रेघेच्या जरा वर पाहिलंत तर डांग, तिथे तर एका जंगलात चौदा राजे आणि नाईक!

मला सांगा, हे कळल्यावर माणसाने स्वस्थ कसं बसायचं?

आधीच सांगते, मी इतिहासाची अभ्यासक वगैरे नाही. मोडी मला वाचता येत नाही, दफ्तरखान्यात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, आणि घटनात्मक कायद्याबद्दल काही विचाराल तर मी शेजारच्या वकिलांकडे बोट दाखवीन. मला फक्त एक जुना मुंबई इलाख्याचा नकाशा पाहायला मिळाला. इंग्रजांचा मुलूख गुलाबी आणि संस्थानं पिवळी. मी सवयीने आधी कळवण शोधलं, आणि कळवणच्या शेजारीच पिवळा रंग! हे इतकं जवळ! मला वाटायचं संस्थानं म्हणजे हैदराबाद, बडोदा, कोल्हापूर, फार तर सांगली-मिरज. आणि इथे तर आपल्या तालुक्याच्या बांधाला लागून संस्थान! त्या नकाशाने मला पार झपाटून टाकलंय आणि आता मी तुम्हालाही सोडणार नाही.

तर सुरगाणा. जवळपास ३६० चौरस मैलांचं संस्थान. १९०१ च्या गणतीत माणसं साडेअकरा हजारांच्या आसपास. राजाला तोफांची सलामी नव्हती. हो, हेही मला नव्यानेच कळलं, राजाचा मोठेपणा तोफांवर मोजायचे! हैदराबादच्या निजामाला २१ तोफा, बडोद्याला २१, कोल्हापूरला १९, आणि आपल्या बाजूला धरमपूर, वांसदा, जव्हार यांना ९. सुरगाण्याला एकही नाही. पण म्हणून काय झालं? राज्य ते राज्यच! कायद्याने सुरगाण्याचा माणूस ब्रिटिश प्रजा नव्हता, तो देशमुखांची प्रजा होता. आणि कळवणचा माणूस ब्रिटिश प्रजा. म्हणजे पाहा हं, कनाशीकडची एखादी कोकणा घरातली मुलगी लग्न करून अलंगुणला गेली, तर ती दुसऱ्या राज्यात गेली! डोंगर तोच, नागली तीच, बोली तीच, डोंगऱ्या देवाचा उत्सव तोच, आणि राजा मात्र वेगळा! त्या मुलीला हे जाणवलं असेल का? बहुतेक नसेलच. पाणी भरायला जाताना कोण नकाशा बघतं! पण मला आता सुरगाण्याच्या रस्त्याने जाताना प्रत्येक ओढ्याला विचारावंसं वाटतं, तूच का रे ती हद्द?

आणि गंमत म्हणजे आज कळवण आणि सुरगाणा हे दोन तालुके मिळून एकच विधानसभा मतदारसंघ आहे! एकच आमदार! एके काळी तिकडे गादी आणि इकडे कलेक्टर, आणि आज दोन्हीकडची माणसं एकाच यंत्राचं बटण दाबतात! मतदानाच्या रांगेत उभं राहून हा विचार कधी डोक्यात आला होता का? माझ्या तर आला नव्हता.

हे सगळं एक झालं कसं? इथेच खरी धमाल आहे!

शाळेत १५ ऑगस्ट शिकवतात, झेंडावंदन होतं, लाडू मिळतो आणि आपण घरी येतो. पण त्या दिवशीचा देश कसा होता ते बघा. साडेपाचशेहून जास्त संस्थानं! मुलखाचा सुमारे दोन पंचमांश भाग त्यांच्याकडे, आणि लोकसंख्येचा चौथा हिस्सा! इंग्रज निघाले तेव्हा त्यांनी काय केलं? संस्थानांवरचं आमचं सर्वोच्चपण संपलं, असं म्हणून मोकळे झाले! संपलं म्हणजे कुणाच्या हाती दिलं नाही, नुसतंच संपलं! म्हणजे कागदावर प्रत्येक संस्थान मोकळं! हैदराबाद मोकळं, त्रावणकोर मोकळं, आणि मग ओघाने आपलं सुरगाणाही मोकळं! विचार करा, अभोण्याच्या पुढे परदेश!

तर ५ जुलै १९४७ ला संस्थानांसाठी वेगळं खातं उघडलं. सरदार पटेल मंत्री आणि व्ही. पी. मेनन सचिव. १५ ऑगस्टला उरले किती दिवस? सव्वा महिना! सव्वा महिन्यात साडेपाचशे! आपल्याकडे एका सातबाऱ्यावरचं वारसाचं नाव लावायला किती हेलपाटे पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि या लोकांनी एक कागद तयार केला, सामीलनामा, आणि त्यात मागितलं किती? फक्त तीन गोष्टी! संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी तुमचं राज्य तुमच्याकडे. किती शहाणपणाचं मागणं! २५ जुलैला माउंटबॅटन यांनी दिल्लीत सगळ्या राजांना एकत्र बसवून समजावलं, आणि मग सह्या सुरू झाल्या, आणि मग कुणी रुसलं, कुणी घासाघीस केली, कुणी पाकिस्तानशी बोलून पाहिलं, आणि मग जोधपूरच्या तरुण महाराजांनी सही केल्यावर माउंटबॅटन खोलीबाहेर गेल्याबरोबर चक्क मेनन यांच्यावर पिस्तूल रोखलं! पिस्तूल! सरकारी सचिवावर! मेनन यांनी हे आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलंय. आणि ते डगमगले नाहीत, धमकीने सही पुसली जात नाही असं त्यांनी महाराजांना सुनावलं आणि प्रकरण तिथेच मिटलं. हा माणूस कारकुनीपासून वर चढलेला! मला मेनन यांच्याबद्दल आता इतकं प्रेम दाटून आलंय की काय सांगू. त्यांचा पुतळा मी कुठल्या चौकात पाहिल्याचं आठवत नाही. असायला हवा!

१५ ऑगस्टपर्यंत बहुतेक सगळे आत आले. जुनागड, काश्मीर आणि हैदराबाद राहिले, त्यांच्या कथा सगळ्यांना ठाऊक आहेत, मराठवाड्याचा १७ सप्टेंबर १९४८ तर आपण दरवर्षी साजरा करतो, म्हणून मी तिथे थांबत नाही. मला थांबायचंय ते पुढच्या पायरीवर. कारण सामीलनाम्याने राजे आत आले, पण राज्यं तशीच होती! गादी तशीच, शिक्का तसाच. खरं विरघळणं त्यानंतर झालं. डिसेंबर १९४७ मध्ये पटेल आणि मेनन कटकला गेले, तिथून नागपूरला आले, आणि ओरिसा-छत्तीसगडच्या राजांनी दोन दिवसांत विलीनीकरण मान्य केलं. आपल्याकडे दक्षिणेतल्या काही संस्थानिकांनी मिळून स्वतःचं एक संयुक्त राज्य उभं करायचा घाट घातला होता, तो फार टिकला नाही, आणि ८ मार्च १९४८ ला औंध, भोर, फलटण, सांगली, मिरज, सावंतवाडी, जंजिरा अशी सगळी मंडळी मुंबई प्रांतात आली. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. गुजरातेतली संस्थानं १० जून १९४८ ला, त्यात आपल्या रेघेवरचं धरमपूर आलं, वांसदा आलं. सुरगाणाही १९४८ मध्येच विलीन झालं आणि नाशिक जिल्ह्यात आलं, आणि जव्हार ठाण्यात. जव्हारचं घराणं महादेव कोळ्यांचं, मुकणे! आदिवासी राजघराणं! त्यांचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे नंतर निवडणूक लढवून १९६२ मध्ये भिवंडीतून लोकसभेत गेले! राजाने मतं मागितली! आणि लोकांनी दिली! हे वाचून मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या, घरात एकटीच.

औंधचं तर वेगळंच. तिथल्या पंतप्रतिनिधींनी १९३९ च्या सुमाराला, म्हणजे विलीनीकरणाच्या कितीतरी आधी, आपला कारभार आपणहून प्रजेच्या हाती दिला होता आणि त्या घटनेसाठी गांधीजींचा सल्ला घेतला होता! कुणी बंदूक लावली नव्हती! हे ८ मार्च, हे १० जून आपल्याला कोणी का शिकवत नाही? महिला दिनाच्या भाषणांत कुणीतरी एक वाक्य या ८ मार्चचंही घालावं, एवढीच माझी विनंती.

आता जरा बाहेरची गोष्ट. ऑस्ट्रेलियात सहा वसाहती होत्या. त्यांनी कितीतरी वर्षं परिषदा भरवल्या, मतदान घेतलं, आणि १ जानेवारी १९०१ ला त्यांचा एक देश झाला. सहा! त्याचं तिकडे केवढं कौतुक! असावंच. पण आपण इथे कळवणमधून निघून दमणला पोहोचेपर्यंत चार वेळा सरकार बदलतो, आणि शेजारचं डांग धरलं तर मोजायला बोटं पुरत नाहीत! त्यांच्या तुलनेत आपली गोष्ट म्हणजे गोधडीच, किती चिंध्या, किती रंग, आणि शिवणारी सुई एका मेनन यांची!

आता बोट जरा वर घ्या. डांग!

डांग म्हणजे सापुतारा, एवढंच आपल्याला ठाऊक. सुट्टीत जायचं, वाटेत बोरगावला स्ट्रॉबेरी घ्यायची, तळ्याकाठी फोटो काढायचा. पण त्या जंगलात भिल्ल राजे आणि नाईक मिळून चौदा छोटी छोटी राज्यं होती! काही तर इतकी चिमुकली की हसू येतं. बिलबारी नावाच्या एका राज्याची लोकसंख्या जुन्या नोंदीत किती दिली आहे माहीत आहे? सत्तावीस! २७ माणसांचं राज्य! आमच्या लग्नाच्या टेम्पोत याहून जास्त माणसं बसतात!

आणि इंग्रजांना त्यांची गरज का पडली? सागासाठी! जहाजबांधणीला सागवान हवं होतं, आणि ते डांगात उभं होतं. म्हणून १८४२ मध्ये इंग्रजांनी या राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं! जिंकलं नाही, भाड्याने घेतलं! आणि त्याचे पैसे दरवर्षी दरबार भरवून द्यायला लागले. बराच काळ हे डांग आपल्या खानदेशच्या कलेक्टरच्या देखरेखीखाली होतं, नंतर ते सुरतकडे गेलं. आणि मग इंग्रज गेले, आणि मग डांग मुंबई प्रांतातला वेगळा जिल्हा झाला, आणि मग १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने देशातल्या सगळ्या राजांचे तनखे बंद झाले, निजामाचे, गायकवाडांचे, सगळ्यांचे, पण डांगच्या भिल्ल राजांचं मानधन मात्र चालूच राहिलं! आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो, त्या चौदांतले पाच राजे बग्गीत बसून मिरवणुकीने येतात, पावरी वाजते, आणि सरकार त्यांचा सन्मान करून त्यांना मानधन देतं! आजही! सगळ्या हिंदुस्थानात तोफांच्या सलामीवाल्यांना जे टिकवता आलं नाही ते आपल्या शेजारच्या जंगलातल्या पाच जणांनी टिकवलं! मला ही गोष्ट भयंकर आवडली आहे. पुढच्या होळीला मी आहव्याला जाणार म्हणजे जाणार, आणि तुम्ही येताय. नाही म्हणायचं नाही.

डांग मराठी की गुजराती यावर मात्र मोठी भांडणं झाली. तिथली डांगी बोली ऐकली तर आपल्याकडच्या कोकणी-अहिराणीच्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि डांग गुजरातेत गेलं, सुरगाणा इकडे राहिलं. मला त्यावरून आज भांडायचं नाही. पण चैत्रात सप्तशृंगी गडावर गुजरातेतून जी पायी माणसं येतात ना, झेंडे घेऊन, पायाला फोड आलेली, त्यांना पाहिलं की वाटतं, या वाटा सगळ्या हद्दींहून जुन्या आहेत आणि देवीने कधीच कुणाला तू कुठल्या राज्याचा म्हणून विचारलेलं नाही.

बरं, आता बसून घ्या. पाणी प्या. कारण आता येतंय नगर हवेली, आणि ही गोष्ट मला कळली तेव्हा रात्र फार झाली होती आणि घरात कुणाला उठवून सांगावं ते कळेना!

१७७२. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचं सांताना नावाचं जहाज पकडलं. आपल्या आरमाराने! मग बोलणी, तक्रारी, दूत, आणि मग १७७९ मध्ये पेशव्यांचा आणि पोर्तुगिजांचा मैत्रीचा तह झाला, आणि नुकसानभरपाई म्हणून वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं त्यांना तोडून द्यायचं ठरलं. ती गावं म्हणजे नगर हवेली! १७८३ मध्ये ती त्यांच्या ताब्यात गेली. पुढे दोनच वर्षांनी, १७८५ मध्ये, दादरा त्यांनी विकतच घेतलं. म्हणजे एका जहाजापायी सागाच्या रानातला एक तुकडा समुद्रापलीकडच्या राजाकडे गेला, आणि तो परत यायला पावणेदोनशे वर्षं लागली!

आला कसा? १९५४ च्या जुलैत आधी दादरा, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा! सैन्य नव्हतं, स्वयंसेवक होते! गोव्याच्या मुक्तीसाठी झटणारे, आझाद गोमंतक दलाचे, संघाचे, पुण्या-मुंबईचे तरुण. आणि त्यांच्यात कोण होतं सांगू? सुधीर फडके! बाबूजी! आपले बाबूजी! ज्या बाबूजींच्या चालींवरचं गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला लागायचं, तेच बाबूजी त्याच्या अवघे आठ महिने आधी सिल्वाशाच्या मोहिमेत होते! माझ्या आजोळी ते गाणं लागलं की सगळे हातातलं काम ठेवून ऐकायचे, आणि या घराला कधी कुणी सांगितलं नाही की हा आवाज रात्री जंगलातून चालत पोर्तुगीज चौकीकडे गेलेला आहे!

आणि मग काय झालं? नगर हवेली लगेच भारतात आली? नाही! सात वर्षं ती कुणाचीच नव्हती! सिल्वाशात तिथल्याच लोकांची वरिष्ठ पंचायत बसली आणि कारभार चालवू लागली. पोर्तुगालची जुनी तिकिटं होती, त्यांच्यावर 'मुक्त प्रदेश' अशा अर्थाचे शब्द इंग्रजीत छापून तीच वापरली! काय डोकं! छापखान्यात नवं काही करायला वेळ नाही, तर जुन्यावरच शिक्का मारा! कळवणपासून इतक्या जवळ एक चिमुकला स्वतंत्र देश सात वर्षं चालला, आणि त्याला स्वतःची टपाल तिकिटं होती!

आणि पोर्तुगाल स्वस्थ बसलं का? छे! ते गेलं हेगला, आंतरराष्ट्रीय न्यायालयात! दमणहून नगर हवेलीला जायचा आमचा रस्ता भारताने अडवला म्हणून! आणि मग त्या न्यायालयात, जगभरच्या न्यायाधीशांपुढे, पेशव्यांचा तो १७७९ चा तह उघडला गेला! मराठ्यांनी नेमकं काय दिलं होतं, राज्य दिलं की नुसता वसूल? सरंजाम म्हणजे काय, यावर हेगमध्ये कीस पाडला गेला! सरंजाम! हेगमध्ये! आणि न्यायालयाने १२ एप्रिल १९६० ला निकाल दिला, की मराठ्यांनी दिला तो फक्त वसूल, राज्य दिलं नव्हतं. नंतर इंग्रजांनी पोर्तुगिजांचा तिथला अंमल मानून घेतला म्हणून तो हक्क तयार झाला. पोर्तुगालची साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्याला नव्हती. आणि वाट अडवून भारताने काही चूक केली नाही! पेशवाईतल्या त्या कारकुनाला, ज्याने बोरूने तो कागद लिहिला, त्याला कुणी सांगितलं असतं की तुझा शब्द न् शब्द पावणेदोनशे वर्षांनी सातासमुद्रापार तपासला जाणार आहे, तर त्याने अक्षर किती सांभाळून काढलं असतं!

आणि शेवट तर असा आहे की मी दोनदा वाचला. नगर हवेलीला भारतात यायचं. पण करार करायचा तर दोन्हीकडे सही करणारा हवा. भारताकडून पंतप्रधान नेहरू. आणि तिकडून? तिकडून नेहरूंच्या तोडीचा कोण? पंचायत आहे, पण पंतप्रधान नाही! मग काय केलं? के. जी. बदलानी नावाचे सनदी अधिकारी तिथे कारभार पाहत होते, त्यांना एका दिवसासाठी तिथले पंतप्रधान केलं! एका दिवसासाठी! त्यांनी सही केली आणि ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा आणि नगर हवेली भारतात आली, घटनेला दहावी दुरुस्ती करून! सकाळी पंतप्रधान आणि मग पुन्हा सरकारी नोकर! घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं असेल हो? जेवायला काय आहे, असंच विचारलं असेल बहुतेक.

मला हे सगळं इतकं का भावलं, ते नीट सांगता येत नाही. पण एवढं वाटतं की देश जोडणारे हात असे आपल्यासारखे होते. कुणी टाइप केलं, कुणी सही केली, कुणी रात्रभर चाललं, कुणी जुन्या तिकिटावर शिक्का मारला. आणि हे सगळं आपल्या पश्चिमेच्या डोंगरापलीकडे, जिथून रोज सूर्य मावळताना दिसतो तिथे घडलं. आपल्या बसस्थानकाच्या भिंतीवर एक मोठा नकाशा रंगवायला हवा, हाच, पिवळा आणि गुलाबी. कांद्याचे ट्रॅक्टर घेऊन आलेली माणसं बस येईपर्यंत बघत बसतील, पोरं बोटं फिरवतील. रंगाचे पैसे मी देते! चित्रकार तुम्ही शोधा.

दमण राहिलं. १५५९ पासून पोर्तुगालकडे. शिवरायांच्या जन्माच्याही सत्तर वर्षं आधीपासून! डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याबरोबर दमणवरही सैन्य गेलं, आणि तिथे चालून गेली ती कोणती पलटण? मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन! १९ डिसेंबरला दमण पडलं. चारशेहून जास्त वर्षं, आणि दोन दिवसांत काम तमाम! आणि अगदी अलीकडे, २६ जानेवारी २०२० ला, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला. म्हणजे ही शिलाई अजून चालूच आहे!

आता बोट परत कळवणवर आणा आणि या वेळी उजवीकडे न्या, पूर्वेला. देवळा, मग मालेगाव तालुका, आणि तिथे कवळाणे. छोटं गाव. इंग्रजांच्या मुलखातलं. तिथे १८६३ मध्ये गोपाळ नावाचा एक मुलगा जन्मला, शेतकऱ्याच्या घरात, आणि बारा वर्षांचा असताना बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक गेला, आणि मग झाला महाराजा सयाजीराव गायकवाड! २१ तोफांचा! आपल्या कवळाण्याचा! ज्याने शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवलं! आणि त्याचं बडोदा मुंबई राज्यात विलीन कधी झालं? १ मे १९४९ ला! एक मे! आणि बरोबर अकरा वर्षांनी, पुन्हा एक मेलाच, त्या मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि बडोदा तिकडे गेलं, कवळाणे इकडे राहिलं!

अजून थोडं खाली सरका. मनमाड. येवला. आणि येवल्यापुढे वैजापूर, म्हणजे निजामाचा मुलूख, नाशिक जिल्ह्याच्या अगदी दाराशी! तिथे चौक्या होत्या का, पैसे कुठले चालायचे, येवल्याची पैठणी पलीकडे नेताना जकात पडायची का? मला माहीत नाही! अजून मी तिथपर्यंत वाचलेलंच नाही! तुमच्या घरात वैजापूरकडचं कुणी म्हातारं माणूस आहे का? असेल तर त्यांना विचारून ठेवा, मी आलेच!